दौंडचं मौन तळेगावात

"तू? आणि मौन?" एवढं म्हणून माझी मुलगी प्रज्ञा जी हसत सुटली ती जेवणं उरकेपर्यंत थांबली नाही. माझा नवरा विलासही पोळीच्या घासाआड हसत होता. त्यांचा तरी काय दोष? टेलिफोनच्या ऑफिसात माझी उभी हयात गेली, आधी ऑपरेटर म्हणून आणि नंतर तक्रारींच्या खिडकीवर. बोलणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. घरी आल्यावरही तो बंद होत नाही.

तर या डिसेंबरात मी दौंडला योग आणि ध्यानाच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेले, त्याची ही हकीकत. आमच्या येरवड्याच्या विहारात सकाळी योगाचा वर्ग भरतो. शिकवणारे सर रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, राहणार दौंडचे. आठवड्यातून दोनदा पॅसेंजरने येतात, शिकवतात आणि पॅसेंजरनेच परत जातात. आम्ही सगळे त्यांना गार्डसरच म्हणतो. एकदा वर्ग संपल्यावर ते मला बाजूला घेऊन अगदी गंभीरपणे म्हणाले, "ताई, तुमची आसनं उत्तम होतात. फक्त शवासनात तुम्ही बोलता."

मला ते झोंबलं. तिथल्या तिथे शिबिरासाठी नाव नोंदवून टाकलं.

त्यात दुसरंही एक निमित्त जुळून आलं होतं. प्रज्ञा रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिथेच काम करणाऱ्या सुजितशी तिचं जमलंय. मुलगा शिरूरला खोली घेऊन राहतो, घर तळेगाव ढमढेऱ्याला. आपल्याच समाजातला, सालस. पोरांचं ठरलं होतं, आता मोठ्यांनी एकमेकांना पसंत करायचं बाकी होतं. शिबिर संपल्यावर एक दिवस सोडून आम्ही दोघांनी तळेगावला घर बघायला जायचं, असं ठरलं. माझ्या मनात घोर एकच. खेड्यातलं घर, लग्नानंतर पोरीला नोकरी सोडायला लावतील का? ते नीट विचारून घ्यायचं, असं मी पक्कं ठरवलं होतं. आणि प्रज्ञाच्या मनातही घोर एकच. निघताना तिने माझा हात धरून सांगितलं, "आई, त्यांच्याकडे गेलीस की प्लीज कमी बोल."

पुण्याहून दौंडला जायचं असेल तर एसटीच्या नादी लागू नका, सकाळची पॅसेंजर पकडा. तिकीट चहा-वड्यापेक्षा स्वस्त आणि हडपसर सुटलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. खिडकीशी जागा मिळाली. समोर कासुर्डीच्या एक बाई बसल्या होत्या, यवतला उतरणाऱ्या. पुढे मौन धरायचं म्हणून मी त्यांच्याशी हातचं राखून न ठेवता बोलून घेतलं. त्यांच्या सुनेचं बाळंतपण, अंजिरावरचा रोग, विहिरीचं पाणी, सगळं झालं. उतरताना त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्यासंगं स्टेशन कवा आलं कळलंच न्हाई बगा." मला ती पावतीच वाटली.

दौंड जंक्शनला उतरल्यावर आधी स्टेशनबाहेरची भजी खाऊन घ्या, कारण शिबिरात तळलेलं काही मिळत नाही. विहार रेल्वेच्या वसाहतीमागे, चालत जाण्याजोगा. मोठा स्वच्छ हॉल, समोर बुद्धमूर्ती, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, अंगणात दोन कडुलिंब. सकाळी आसनं, मग प्राणायाम, मग बसून नुसता श्वास बघायचा. दोन्ही वेळा पिठलं नाहीतर आमटी, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. फी काही नाही, जाताना दानपेटीत जमेल तसं टाकायचं. पांघरूण मात्र घरून न्या. दौंडची थंडी पुण्याला हसते.

गार्डसरांनी पहिल्याच बैठकीत नियम सांगितले. बोलायचं नाही. खाणाखुणा नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, मोबाईल जमा. हसू आलं तर हसा, हात जोडायला हरकत नाही. "आणि शेवटचं म्हणजे," ते म्हणाले, "शिबिर दुपारी सुटेल, पण मौन तिथे सोडायचं नाही. ते दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत बरोबर न्यायचं. इथे हॉलमध्ये गप्प बसणं सोपं आहे. बाहेर गर्दीत, गाडीत, घरात नेऊन बघा."

पहिला दिवस भयंकर गेला. बाहेरचं तोंड बंद झालं तसं आतलं सुरू झालं. नाकपुडीखाली श्वासावर लक्ष ठेवा म्हणे. मी ठेवलं, आणि तेवढ्यात तळेगावला व्याह्यांच्या घरी जाऊन पोहोचले. मनातल्या मनात त्यांना नोकरीबद्दल विचारलं, त्यांनी काय उत्तर दिलं तेही मीच ठरवलं, त्यावर मला राग आला, आणि मी लग्न मोडून परतही आले. डोळे उघडले तर सगळे शांत बसलेले.

गार्डसरांना कसं कळलं कोण जाणे. संध्याकाळी ते सगळ्यांनाच म्हणाले, "आपलं दौंड केवढं जंक्शन आहे. मनमाडकडची गाडी येते, सोलापूरकडची येते. आपण फलाटावरच्या बाकावर बसलोय. दिसली गाडी की चढायलाच पाहिजे असं कुठे आहे? येऊ दे, जाऊ दे." मला मनापासून हसू आलं, कारण मी दिवसभरात एकही गाडी सोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मात्र एक गंमत सापडली. आसनं करताना शेजारच्या बाईंचा तोल गेला, आणि "अहो, टाच टेकवा!" हे माझ्या अगदी ओठांवर आलं. तेव्हा लक्षात आलं की बोलायची उबळ येण्याआधी माझा श्वास अडकतो. घशाखाली, गळ्याच्या खोबणीत, लहानशी गाठ बसल्यासारखी. तिच्याकडे नुसतं बघत राहिलं की ती आपोआप सुटते. इतकी वर्षं ती गाठ तिथे होती आणि मला पत्ताच नव्हता. मला इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि तेच तर करता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी विलास न्यायला आला. आम्ही पॅसेंजरने घरी जाणार होतो. विहाराच्या फाटकाशी बघते तर त्याच्या शेजारी पांढऱ्या टोपीतले एक उंच गृहस्थ उभे, मागे धुळीने माखलेली जीप. सुजितचे वडील, आप्पा! केडगावच्या बाजारात कांदा घालायला आले होते. सकाळी विलासला सहज फोन केला, आणि आम्ही दौंडमध्ये आहोत कळल्यावर थेट इकडेच.

"जय भीम ताई! पाव्हणं एवढ्या जवळ आल्यात आन् पुण्याला म्हागारी जायाचं? ह्ये काय बरं न्हाई. आजच चला. मुक्कामाला!"

मी हात जोडले, हसले आणि विलासकडे बघितलं.

इथे विलासबद्दल सांगायला हवं. तो खडकीच्या फॅक्टरीत मशिनिस्ट आहे. कामाला वाघ, पण बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडतो, कारण पुढचं अर्धं मी बोलते. आमच्या संसाराची ती पद्धतच पडून गेली आहे. त्याप्रमाणे तो म्हणाला, "त्याचं असं आहे आप्पा, की तिचं जरा..." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. आप्पांनी आमच्या दोघांकडे बघितलं. मग ते म्हणाले, "जरा न्हाई आन् बिरा न्हाई. बसा!" आणि माझी पिशवी जीपमध्ये गेली.

पाटसवरून हायवेला लागलो, चौफुल्याला उजवीकडे वळलो. हा रस्ता डिसेंबरात करून बघाच. जागोजागी गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि मैलभर आधीपासून वास येतो. आप्पांनी एका गुऱ्हाळावर जीप थांबवली. उसाच्या कांडक्यावर घेतलेला गरम गूळ माझ्या हातात ठेवला. मी अधाशासारखा तोंडात घातला आणि जीभ पोळली. "आई गं!" म्हणायचीही सोय नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आप्पा विलासला हळूच म्हणाले, "ताईस्नी घराची सय आली जनू." विलास म्हणाला, "नाही, ते..." आणि पुढचं गेलं गुऱ्हाळाच्या धुरात.

पारगावच्या पुलावरून भीमेचं पाणी ओलांडलं, न्हावऱ्यावरून तळेगावच्या दिशेने लागलो. समोरून उसाचे ट्रॅक्टर, खड्डे चुकवत जीप. मी श्वास बघत होते. खरं सांगते, इतका निवांत प्रवास मी आयुष्यात केला नव्हता. पण त्या निवांतपणाला उंबऱ्याशीच धक्का बसायचा होता.

तळेगावात त्यांचं घर बाजारपेठेपासून थोडं बाहेर, पुढे पत्र्याची पडवी, मागे मेथी-कोथिंबिरीचे वाफे. दारात दोघीजणी उभ्या. एक सुजितची आई, लताबाई, बारीक अंगाच्या, डोळ्यांनी हसणाऱ्या. दुसऱ्या आत्याबाई, आप्पांच्या थोरल्या बहीण. त्यांची महती प्रज्ञाने आधीच सांगून ठेवली होती. आई लवकर गेल्यावर आप्पांना त्यांनीच वाढवलं. त्या हो म्हणतील ते या घरात हो, आणि नाही म्हणतील ते नाही.

आत्याबाई पुढे झाल्या. पदर सावरून ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "जय भीम!"

मी वाकून हात जोडले.

त्या थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, आणखी मोठ्याने, "जय भीम, बाई!"

आता, आपल्या लोकांना सांगायला नकोच, पण इतरांसाठी सांगते. आमच्यात जय भीमला जय भीम हे उत्तर द्यावंच लागतं. त्यात ओळख असते, मान असतो, आजोबांच्या पिढीने कमावलेली ताठ मान असते. कडाक्याचं भांडण असलं तरी माणूस तेवढं परत करतो. आणि मी, मुलीची आई, त्यांच्या दारात उभी राहून मुकी. घशाखालची गाठ केवढी झाली म्हणून सांगू! मी पुन्हा हात जोडले, चांगले कपाळापर्यंत नेले. आत्याबाईंचा चेहरा दगड झाला. त्या वळून आत निघून गेल्या.

पाणी आलं, चहा आला. लताबाईंनी विचारलं, "घर कसं वाटलं ताई?" मी हसले. आप्पांनी विचारलं, "पोरीचं आमच्याइथं कसं काय निभंल?" मी आणखी हसले. आतून भांड्यांचा आवाज मोठा मोठा होत गेला, आणि अखेर आत्याबाई बाहेर आल्या त्या पडवीच्या मधोमधच उभ्या राहिल्या.

"आप्पा, गाडी काढ. पाव्हण्यास्नी सोडून ये. ज्या बाईला आपला जय भीम बी घ्यावासा वाटंना, तिची पोरगी आपल्यात कशी नांदायची?"

प्रज्ञाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. गेलं मौन खड्ड्यात, असं ठरवून मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"आत्याबाई, बसा. मला बोलायचंय."

विलास! मी बघतच राहिले. त्याने वाक्य सुरू केलं आणि चक्क संपवलं. मग दुसरं. दौंडचं शिबिर, गार्डसर, मौनाचा नियम, सगळं सविस्तर सांगितलं. मग म्हणाला, "माझी बायको फार बोलते. फॅक्टरीतल्या मशिनच्या आवाजातून घरी गेल्यावर मला तिचा आवाज ऐकायला आवडतो. ती बोलत असली की घरात सगळं ठीक आहे असं वाटतं. आज ती गप्प आहे तर मलाच करमत नाहीये. पण तिने मनावर घेतलंय, आणि तिने मनावर घेतलेलं मी कधी मोडायला लावलं नाही. तुमचा अपमान करायचं तिच्या स्वप्नातही येणार नाही."

माझ्या डोळ्यांत पुन्हा पाणी, आणि या वेळी गुळाचं नव्हे. मला हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कधी?

पण आत्याबाई तयारीच्या. "मौन व्हय? म्हायती हाय मला मौन. आमच्या भावकीतल्या एका सुनंनं बी धरलं हुतं, डोरल्यावरनं. म्हैनाभर!" आणि विलासकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाल्या, "बायकूचं झाकताय. झाका. गुणाचं हायसा." मात्र गाडी काढायचं त्या पुन्हा बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की उद्या उन्हं आली की बघू खरं-खोटं.

त्यानंतर माझी जी सरबराई झाली! समजूत पक्की होती, पाहुणी रुसली आहे, मानपानात कुठेतरी चुकलंय. आप्पांनी खुर्ची बदलली. शेजारणी एकेक येऊन माझ्याकडे बघून गेल्या. कोणीतरी विचारलं, "गोड न्हाई केलं का गं त्यास्नी?" लगेच शिरा झाला. आमच्यात मानपान नसतं, असं आम्ही सगळेच अभिमानाने सांगतो. रुसवा काढायची पद्धत मात्र सगळ्यांना तोंडपाठ असते, हे त्या संध्याकाळी कळलं.

दिवेलागणीला मी परसात गेले. लताबाई चुलीपाशी मासवडीचं सारण भाजत होत्या. मी शेजारी बसले आणि लसूण सोलायला घेतला. शेवटी माझाच धीर सुटला. पोरीच्या संसारापेक्षा नियम मोठा नाही, सांगून टाकावं यांना, असा विचार करून मी तोंड उघडलं. लताबाईंनी पिठाचा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"नगा सोडू ताई. वन्संच्या भ्यानं सोडलं तर काय ऱ्हाईलं त्यात? माझा इस्वास हाय तुमच्यावर." मग खाली बघून म्हणाल्या, "आन् खरं सांगू का? मलाबी जरा बोलू द्या. ह्या घरात समदी बोलत्यात. ऐकून घ्यायला कुनी न्हाई."

आणि त्या बोलल्या. सारण परतत, वड्या थापत, रश्शाला फोडणी देत. लग्नाआधी त्या अंगणवाडीत शिकवत होत्या. पोरं पदर धरून मागे फिरायची. लग्नानंतर घरात माणूस कमी पडतं म्हणून सोडायला लागलं. कोणी जबरदस्ती केली नाही, पण राहू दे असंही कोणी म्हटलं नाही. "अजून बी बाजारात कुनी बाई म्हनून हाक मारली ना, माझीच पोरं वाटत्यात," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरीला म्या नोकरी सोडू देनार न्हाई. वन्संच्या म्होरं मला बोलाया जमंल का न्हाई, ठावं न्हाई. पन तुमास्नी सांगून ठिवते."

नोकरीचा प्रश्न मी चार वेगवेगळ्या प्रकारे विचारायचं ठरवून आले होते. विचारला असता तर मला काय मिळालं असतं? "तिची मर्जी बाई, आमचं काय!" एवढंच. दोन्ही बाजूंनी चहा पिऊन झाला असता. मी लसणाची साल झटकली, त्यांचा हात हातात घेतला आणि घट्ट धरून ठेवला. त्या रात्री मासवडी आणि रश्शावर मी असा ताव मारला की रुसलेली बाई इतकं जेवते का, अशी शंका आत्याबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसली.

सकाळी उठून बाहेर आले तर अंगणात ही गर्दी! आप्पा, विलास, लताबाई, शेजारच्या चारदोन बाया, दुधाला आलेला एक म्हातारा. सगळे पूर्वेकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. आत्याबाई शाल गुंडाळून खाटेवर, पाठ फिरवून. उसाच्या तुऱ्यांवर ऊन आलं. मी चालत खाटेसमोर गेले आणि टेलिफोनच्या ऑफिसातला माझा ठेवणीतला आवाज लावला.

"जय भीम, आत्याबाई!"

आत्याबाईंनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. शालीतून हात काढले, जोडले, आणि मग एक बोट ओठांवर ठेवलं.

अंगण हसून लोळायचं बाकी राहिलं. पण आत्याबाई अजिबात हसल्या नाहीत. चहाला बोलल्या नाहीत, भाकरीला बोलल्या नाहीत. मी माफी मागितली, मासवडीची तारीफ केली, प्रज्ञाचं बालपण सगळं सांगून झालं. उत्तर नाही. नोकरीचं मी बोलायच्या आधी लताबाईच एका दमात म्हणाल्या, "वन्सं, पोरगी नोकरी करंल. मी घर बघंन." आणि त्यांनी श्वास रोखून धरला. मी बघत होते ना, मला तो दिसला. आत्याबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि पुढ्यातली भाकरी मोडून अर्धी त्यांच्या ताटात टाकली. आता याचा अर्थ काय घ्यायचा? गप्प बसलेल्या माणसासमोर बसणं काय असतं, ते मला व्याजासकट कळत होतं.

निघायची वेळ झाली. आम्ही जीपमध्ये बसलो. आता प्रज्ञाला काय सांगायचं? आप्पांनी गाडी चालू केली, तशा आत्याबाई तुरुतुरु फाटकापर्यंत आल्या, खिडकीशी वाकल्या आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"जय भीम, विहीणबाई! सुपारी फोडाया कवा येऊ, तेवढं कळवा."

मी जय भीम म्हटलं ते हसत की रडत, मलाच सांगता येणार नाही.

वाटेत वढू बुद्रुकला संभाजी महाराजांच्या समाधीपाशी थांबलो. तळेगावला कोणी जाणार असाल तर वाट थोडी वाकडी करून जरूर जा, सकाळी गर्दी नसते. तिथे पायरीवर बसून प्रज्ञाला फोन लावला. "आई, किती बोललीस?" हा तिचा पहिला प्रश्न. मी फोन विलासकडे दिला. त्याने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आणि मी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. घातलं असतं तर बरं झालं असतं असं एकदोनदा वाटलं, कारण गुळाचा प्रसंग त्याने फारच रंगवला.

आता घरी येऊन महिना होत आला. लोक विचारतात, शिबिराने काय फरक पडला? आसनं पूर्वीइतकीच होतात, शवासनात मी बोलत नाही, झोपते. ऑफिसात तर मी आहे तशीच आहे. पण सकाळी बसून श्वास बघायचं चुकवत नाही, आणि ती घशाखालची गाठ आली की आता ओळखू येते. मग चहा होतो. विलास पेपर खाली ठेवून काहीतरी बोलायला लागतो आणि सवयीने अर्ध्यावर थांबतो. मी पुढचं बोलत नाही. तो जरा वेळ माझ्याकडे बघतो आणि मग राहिलेलं स्वतःच बोलून टाकतो. बहुतेक वेळा ते मी धरून चालले होते त्यापेक्षा वेगळंच निघतं.